उन्मादाकडे पाहण्याची बदलती दृष्टी आणि आजचा वैद्य

प्रस्तावना

'उन्माद' हा विषय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात शिकलेला आहे. त्याचे भेद, लक्षणे आणि घृतकल्प परीक्षेपुरते आपण पाठही केले होते. प्रत्यक्ष व्यवसायात मात्र रुग्ण 'उन्माद' हे नाव घेऊन येत नाही. तो निद्रानाश, अरुची, छातीत धडधड, डोके जड होणे अशा तक्रारी घेऊन येतो. पुष्कळदा नातेवाईकच त्याला घेऊन येतात, नाडी पाहून होईपर्यंत गप्प बसतात आणि निघता निघता हळूच विचारतात, "बाहेरचे काही असेल का हो?" ग्रामीण व निमशहरी भागात अशा रुग्णांचा पहिला किंवा दुसरा थांबा बहुधा आपले चिकित्सालय किंवा आयुर्वेदीय औषधांचे दुकान हाच असतो.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे दिसले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी आपल्याकडील चित्र फार निराळे असेल, असे कोणताही अनुभवी चिकित्सक म्हणणार नाही.

उपचारांपासून दूर राहण्याचे कारण केवळ औषधांची किंवा तज्ज्ञांची टंचाई हे नाही. मनोविकाराविषयी समाजाची जी दृष्टी असते, तिच्यावर रुग्ण कोठे जाईल, काय सांगेल आणि काय लपवील हे ठरते. ही दृष्टी कशी बदलत आली आणि त्या बदलात आयुर्वेदाच्या चिकित्सकाचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संहिताकारांची भूमिका

चरकसंहितेत निदानस्थानाचा सातवा आणि चिकित्सास्थानाचा नववा अध्याय उन्मादासाठी आहे. उन्मादाची व्याख्या करताना आचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञा, ज्ञान, स्मृती, भक्ती म्हणजे आवडनिवड, शील, चेष्टा आणि आचार यांचा विभ्रम असे लक्षण सांगितले. आज मनोविकारतज्ज्ञ रुग्णाची मानसिक स्थिती तपासताना ज्या बाबी क्रमाने पाहतो, त्यांतील बऱ्याच या यादीत आहेत. विरुद्ध व दूषित आहार, मनावर झालेला आघात, अतिभय, अतिहर्ष, विषम चेष्टा ही कारणे; अल्पसत्त्व व्यक्तीत दोषांनी हृदयाला दूषित करून मनोवह स्रोतसांचा आश्रय घेणे ही संप्राप्ती. वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक हे चार निज प्रकार आणि पाचवा आगंतू. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात सहा प्रकार मानले आणि त्यांत मानसिक दुःखाने होणारा व विषाने होणारा असे दोन प्रकार स्वतंत्र गणले. शोकाने आलेले वेड आणि विषप्रभावाने आलेले वेड एक नव्हे, हा विवेक त्यांनी केला होता. धोतरा, भांग वा मद्य यांमुळे झालेला विभ्रम ओळखताना हा भेद आजही उपयोगी पडतो.

आगंतू उन्मादात देव, गंधर्व, पिशाच इत्यादींचा उल्लेख आहे, हे खरे आहे. अष्टांगांमध्ये भूतविद्या हे एक अंग आहे, हेही खरे. परंतु चरकाचार्यांचे निदानस्थानातील विवेचन शेवटपर्यंत वाचले पाहिजे. तेथे ते मूळ कारण म्हणून प्रज्ञापराधाकडे बोट दाखवतात. जो स्वतःच्या कर्माने क्लेशित झालेला नाही त्याला देव, गंधर्व वा राक्षस क्लेश देत नाहीत. म्हणून जाणत्याने त्यांना दोष देऊ नये आणि त्यांना भिऊही नये, असा त्यांचा आशय आहे. व्याधीचे कारण बाहेरच्या शक्तीकडून माणसाकडे आणण्याचे हे पाऊल त्या काळाच्या मानाने फार मोठे होते.

या विचाराची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. प्रज्ञापराध हा शब्द चिकित्सकाने निदानासाठी वापरावयाचा आहे, रुग्णाला दूषण देण्यासाठी नव्हे. 'तुझ्याच कर्माने झाले' हे वाक्य रुग्णाच्या तोंडावर फेकले, की शास्त्रातील एक उदार विचार निष्ठुर होतो. आज तर आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक बदल, बालपणीचे आघात यांविषयी जे ज्ञान उपलब्ध आहे, ते पाहता असे बोलण्यास कोणताही आधार उरत नाही.

त्रिविध औषधांत दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय सांगितला आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे त्याचे स्वरूप. प्रिय वस्तूच्या नाशाने ज्याचे मन बिघडले त्याला तत्सम वस्तूची प्राप्ती व सांत्वन. काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्ष्या, लोभ यांनी झालेल्या विकारांत परस्परविरोधी भावांचा उपयोग, ही चरकाची चिकित्सासूत्रे आहेत. रुग्णाशी बोलणे हाही उपचार आहे, हे आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते.

तथापि त्याच अध्यायात दुसरेही काही आहे आणि ते झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. रुग्णास बांधणे, निर्जन घरात कोंडणे, चाबकाने मारणे, दात काढलेल्या सर्पाने किंवा माणसाळवलेल्या सिंह-हत्तींनी भिवविणे, राजपुरुषांकरवी वधाची धमकी देणे असे उपाय तेथे सांगितले आहेत. प्राणाचे भय इतर सर्व दुःखांहून मोठे असल्याने विचलित मन त्यायोगे ठिकाणावर येते, असा त्यामागील तर्क होता. हा तर्क केवळ आपल्याकडेच होता असे नाही. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज १७८८ मध्ये आजारी पडला तेव्हा त्यालाही बांधून ठेवण्यात आले होते. 'धक्क्याने मन जागेवर येते' ही समजूत युरोपात एकोणिसाव्या शतकातही टिकून होती. ते उपाय त्या काळाचे होते. शास्त्राचा आदर करणे म्हणजे त्यातील प्रत्येक उपाय आज योग्य मानणे नव्हे. देश, काल, बल पाहून युक्तीने चिकित्सा करावी हा तर शास्त्राचाच आदेश आहे.

लोकमानस

मराठी समाजात वेडाविषयी एकच दृष्टी कधीच नव्हती. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू यांच्या लीळा म्हाइंभटांनी नोंदविल्या. लोक त्यांना वेडे म्हणत आणि ईश्वरही मानत. गावात त्यांचा मुक्त संचार असे. 'पिसे' हा शब्द आपल्या भाषेत भक्तीसाठीही वापरला गेला. जगावेगळे वागणाऱ्याला सामावून घेण्याची ही एक रीत होती.

दुसरी रीत भयाची. अंगात येणे, झपाटणे, करणी, बाहेरची बाधा ही कारणे आणि देवऋषी, भगत, अंगारा, उतारा हे उपाय. यांत काही वेळा नातेवाईकांना धीर मिळत असे आणि रुग्णाला मानाची जागाही मिळत असे. पण भूत काढण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी, मारहाण, उपाशी ठेवणे, साखळदंड हेही होत आले. तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे आणून सोडणारे नातेवाईक दुष्ट होते असे नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवला नव्हता.

तिसरी रीत थट्टेची व लज्जेची. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याची हवा दाखवा' हे वाक्प्रचार आपल्या घराघरांत सहज बोलले जातात. ज्या घरात खरोखर रुग्ण आहे, त्या घरावर या वाक्याचा काय परिणाम होत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

वेड्यांच्या इस्पितळापासून मनोरुग्णालयापर्यंत

इंग्रजी राजवटीत मनोरुग्णांसाठी स्वतंत्र इमारती उभ्या राहिल्या. १८५८ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला व पुढे १९१२ चा भारतीय वेडेपणा अधिनियम आला. या कायद्यांचा भर समाजाला रुग्णापासून वाचविण्यावर होता. दाखल होण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. ठाण्याचे रुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही चार ठिकाणे दीर्घकाळ महाराष्ट्रात मनोरुग्णांच्या शासकीय उपचारांचा आधार राहिली. १९२० च्या दशकात देशात 'वेड्यांचे आश्रयगृह' हे नाव जाऊन 'मानसिक रुग्णालय' हे नाव आले. नाव बदलले तरी भिंती उंचच राहिल्या. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या.

उपचारही याच काळात झपाट्याने बदलले. इन्सुलिनने बेशुद्धी आणण्याची पद्धत १९३३ च्या सुमारास आली, मेंदूवरील शस्त्रक्रिया १९३५ मध्ये, विजेचा उपचार १९३८ मध्ये. यांपैकी पहिल्या दोन पद्धती कालबाह्य ठरल्या. मेंदूवरील त्या शस्त्रक्रियेसाठी १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक दिले गेले होते, हे विसरू नये. आपल्या काळातील सर्वमान्य उपचारही पुढे चुकीचा ठरू शकतो, हा धडा सर्वच वैद्यकपद्धतींसाठी आहे. विजेचा उपचार मात्र आज भूल व स्नायुशिथिलक देऊन केला जातो आणि तीव्र नैराश्यात तो परिणामकारक मानला जातो. त्याची चित्रपटांतील भीतिदायक प्रतिमा रुग्णांच्या मनातून काढणे हेही आपले काम आहे.

कुटुंबाचे महत्त्व दाखविणारे एक उदाहरण येथे दिले पाहिजे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाईकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. नातेवाईकांनी उपचार जवळून पाहिले, आजार समजून घेतला आणि बरा झालेला माणूस घरी नेला. आपल्या परंपरेत परिचारक हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक मानला आहे. अमृतसरच्या प्रयोगाने तेच तत्त्व मनोविकारांत सिद्ध केले, असे म्हणता येईल.

सर्पगंधेचा प्रवास

आपल्या व्यवसायबंधूंना, विशेषतः औषधविक्रेत्यांना, ज्ञात असावा असा एक अध्याय म्हणजे सर्पगंधा. बिहार व बंगालमध्ये ही वनस्पती 'पागल की दवा' म्हणून लोकांत प्रसिद्ध होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादात व उच्च रक्तदाबात तिचा उपयोग इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सिद्दीकी बंधूंनी तिच्यातील क्षारतत्त्वे वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांना नावे दिली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसरपीन हे तत्त्व वेगळे झाले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रुग्णालयात नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम नोंदविले. १९५२ मध्येच पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा उपयोग सुरू झाला होता. या दोन औषधांनी आधुनिक मनोविकारशास्त्रातील औषधयुगाचा आरंभ केला.

पुढे रेसरपीन मागे पडले. क्लोरप्रोमाझीन व नंतरची औषधे अधिक परिणामकारक ठरली. शिवाय रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य आल्याची नोंद झाली. त्या संबंधाविषयी नंतर मतभेद झाले असले, तरी नैराश्याचा किंवा आत्महत्येच्या विचारांचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास सर्पगंधा न देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. म्हणून 'झोपेची आयुर्वेदिक गोळी' म्हणून सर्पगंधायुक्त कल्प चिठ्ठीशिवाय देणे सर्वथा अयोग्य होय. वन्य सर्पगंधेच्या अतिरेकी तोडणीमुळे तिचा समावेश नामशेष होण्याच्या धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात करावा लागला, हेही खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

या कथेतून अभिमान जरूर घ्यावा, पण तिचा अर्थ नीट घ्यावा. लोकपरंपरेतील ज्ञान मोजमाप, नोंदी व तुलना यांच्या कसोटीस उतरले म्हणून जगाने स्वीकारले; आणि त्याच कसोटीने त्याच्या मर्यादाही दाखविल्या. स्किझोफ्रेनियातील आयुर्वेदीय औषधांविषयीच्या चाचण्यांचा २००७ मध्ये कोक्रेन संस्थेने आढावा घेतला, तेव्हा विचारात घेण्याजोग्या चाचण्या केवळ तीन व त्याही लहान निघाल्या. त्यांतील तुलनेत क्लोरप्रोमाझीन अधिक उपयुक्त दिसले. आपली औषधे निरुपयोगी आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु तीव्र मनोविकारात ती एकटी पुरेशी आहेत असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला मिळत नाही.

एक अनुभव

सुमारे वीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग येथे नमूद करतो. सव्वीस वर्षांच्या एका तरुणाला त्याचे वडील, आई व मामा माझ्याकडे घेऊन आले. झोप कमी, चिडचिड, अम्लपित्त अशी तक्रार होती. "आणखी कोणते औषध चालू आहे का?" असे मी सर्वांसमोर विचारले. वडिलांनी "नाही" म्हणून सांगितले. प्रकृती व दोष पाहून मी कल्याणक घृताने स्नेहपान व नंतर विरेचन योजले आणि पथ्यात मीठ अगदी कमी करण्यास सांगितले.

विरेचनाच्या दुसऱ्या दिवशीही वेग थांबेनात. उलट्या सुरू झाल्या, हात जोरात थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला आणि बोलणे जड झाले. मी तो अतियोग समजलो आणि स्तंभन चिकित्सेत अर्धा दिवस घालविला. सायंकाळी त्याला गुंगी येऊ लागली, तेव्हा त्याच्या आईने मला बाजूला बोलावले आणि पदराआड लपविलेली गोळ्यांची पट्टी दाखविली. ते लिथियम होते. शहरातील मनोविकारतज्ज्ञाकडे दोन वर्षे उपचार चालू होते आणि माझ्या औषधांबरोबर त्या गोळ्याही घरी नियमित दिल्या जात होत्या.

शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की लिथियम मूत्रावाटे बाहेर पडण्याचे प्रमाण घटते आणि रक्तातील त्याची पातळी विषारी मर्यादेपर्यंत चढते. स्नेहन, विरेचन आणि लवणवर्ज्य पथ्य यांनी मी स्वतःच्या हाताने ते घडवून आणले होते. रुग्णास तातडीने रुग्णालयात हलविले, शिरेवाटे क्षारजल दिले गेले आणि काही दिवसांनी तो सुखरूप घरी आला. नंतर आई भेटली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, मुलीची सोयरीक जुळत आली होती. भाऊ वेडाच्या गोळ्या खातो हे कळले असते तर मोडली असती. मामांसमोर कसे सांगणार?"

या प्रसंगात दोष त्या माउलीचा नव्हता. प्रश्न विचारण्याची माझी रीत चुकली होती. चारचौघांत, एकाच वाक्यात, जाता जाता विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जे यावयाचे तेच आले. लज्जेमुळे लपविलेली एक गोष्ट रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, हे त्या दिवसापासून मी विसरलो नाही.

अशा परस्परक्रियेचे दुसरे नोंदलेले उदाहरण शंखपुष्पीचे आहे. अपस्माराच्या काही रुग्णांत फेनिटॉइन चालू असूनही झटके पुन्हा येऊ लागले; ते रुग्ण शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय पाकही घेत होते. मुंबईतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून १९९२ मध्ये दाखविले, की त्या पाकामुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी व परिणाम कमी होतो. 'बुद्धिवर्धक आहे, अपाय काय होणार' या समजुतीला हे उत्तर आहे.

कायद्याची बदललेली दृष्टी

स्वतंत्र भारतात १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ मध्ये अमलात आला. त्याची जागा घेणारा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात रुग्णाच्या हक्कांवर भर आहे. कलम ९५ नुसार कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास आणि भूल व स्नायुशिथिलक न देता विजेचा उपचार करण्यास मनाई आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीचे कलम ३०९ राहिलेले नाही. कालचा गुन्हेगार आज रुग्ण मानला जातो, हा बदल फार मोठा आहे.

आपल्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. 'मनोविज्ञान व मानसरोग' या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकाला या अधिनियमाने मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान दिले आहे. त्याचबरोबर कलम १०६ नुसार आपल्या व्यवसायक्षेत्रात अधिकृत नसलेले औषध वा उपचार सुचविण्यास प्रतिबंध आहे. मान्यता आणि मर्यादा दोन्ही एकाच कायद्यात आल्या आहेत.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार दंडनीय ठरविले. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक अधिनियमानुसार वेडेपणा, अपस्मार इत्यादी विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. दुकानावरील फलक व छापील पत्रकेही या दृष्टीने तपासून घ्यावीत.

व्यवहारात काय करावे

१. मनोविकाराचा संशय येताच रुग्णाशी एकांतात आणि नंतर एका जवळच्या नातेवाइकाशी स्वतंत्रपणे बोलावे. 'वेडाच्या गोळ्या' असा शब्द न वापरता "झोपेसाठी, मनासाठी, फिट्ससाठी किंवा रक्तदाबासाठी कधी काही घेतले का? घरात असलेल्या सर्व गोळ्या उद्या घेऊन या," असे सांगावे.

२. चालू असलेली मनोविकाराची औषधे बंद करण्याचा सल्ला देऊ नये. बदल हवा असल्यास संबंधित तज्ज्ञाला चिठ्ठी लिहावी. अचानक औषध तोडल्याने विकार उलटतो आणि दोष आयुर्वेदावर येतो.

३. लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन, विरेचन, उपवास, तीव्र स्वेदन व लवणवर्ज्य पथ्य देऊ नये. यष्टिमधू दीर्घकाळ दिल्यास शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो, याचेही भान ठेवावे. रसकल्प देताना यकृत व वृक्क यांच्या तपासण्या कराव्यात.

४. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणे, हिंसक वर्तन, अन्नपाणी सोडणे, प्रसूतीनंतर काही दिवसांत सुरू झालेला विभ्रम, ज्वरासह किंवा डोक्याला मार लागल्यावर आलेला प्रलाप, आणि उतारवयात प्रथमच अचानक झालेला बदल या स्थितींत एक दिवसही न दवडता रुग्णास योग्य ठिकाणी पाठवावे. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे विचारावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दिसेल असा लावावा.

५. आपल्या कक्षेतील कार्य लहान नाही. सौम्य चिंता व निद्रानाशात दिनचर्या, निद्रेचे नियमन, शिरोभ्यंग, मेध्य रसायनांचा विवेकाने उपयोग आणि सत्त्वावजय यांना मोठे स्थान आहे. तीव्र विकारातून सावरलेल्या रुग्णास आहार, विहार व घरातील वातावरण यांविषयी मार्गदर्शन करण्यास आपल्याइतका वेळ अन्य कोणाला क्वचितच मिळतो.

६. औषधविक्रेत्यांनी एकच व्यक्ती वारंवार निद्राकर कल्प नेत असेल तर तिला आस्थेने विचारावे व चिकित्सकाकडे पाठवावे. काउंटरवर इतर ग्राहकांसमोर तिच्या औषधाचे प्रयोजन मोठ्याने बोलू नये.

उपसंहार

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा शब्द अनेक मराठी घरांत पोहोचविला. त्यानंतरच्या काळात वृत्तपत्रे, स्वयंसेवी संस्था व रुग्णांचे स्वमदत गट यांमुळे बोलण्याचा संकोच काहीसा ओसरला आहे. तरीही सोयरीक, नोकरी व भाऊबंदकी यांच्या भीतीने गोळ्यांची पट्टी पदराआड लपविणारी आई आजही आपल्या चिकित्सालयात येते.

त्या आईला आपल्याशी बोलता यावे एवढा विश्वास निर्माण करणे, हे आपल्या हाती आहे. संहितांतील सांत्वन व आश्वासन ही चिकित्सा आजही तितकीच समर्थ आहे. बंधन व ताडन यांचा काळ संपला आहे. यांपैकी काय घ्यावे व काय सोडावे हे ठरविण्याचा विवेक शास्त्रानेच आपल्याला दिला आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या चिकित्सालयातील असे अनुभव, विशेषतः चुकलेले उपचार, रुग्णाची ओळख गुप्त ठेवून या नियतकालिकाकडे पाठवावेत. यशाच्या कथांपेक्षा त्यांतून आपल्या तरुण वैद्यांना अधिक शिकता येईल.